उताराची जागा

आयव्हर ग्रमिटने हातातली काठी चिखलात रोवली आणि दुसरा हात वर केला.

"थांबा तिथंच."

खाजणातून येणाऱ्या दोघांपैकी मागचा लगेच थांबला. पुढचा तसाच चार पावलं चालत आला, जणू हाक दुसऱ्याच कुणाला मारली होती. दोघांच्या खांद्यावर बंदुका होत्या, अंगावर चिखलाच्या रंगाचे जाड कोट. जानेवारीतली दुपार सरत आली होती. समुद्राच्या बाजूला धुक्याची पांढरी रेघ उठली होती आणि तिच्या पलीकडून रानहंसांचा कलकलाट ऐकू येत होता. दिसत मात्र एकही नव्हता.

"परवाने?"

मागच्याने खिशातून दोन निळी कार्डं काढून दिली. क्लाइव्ह मिलवर्ड, लॉयड मिलवर्ड. भाऊ असणार. आयव्हरने ती उलटसुलट करून परत केली. त्याच्या शिकार क्लबची कार्डं हिरवी होती.

"ही पलीकडच्या क्लबची आहेत. तुमची हद्द काळ्या ओढ्यापर्यंत. ओढा ओलांडून तुम्ही आमच्या खाजणात आलाय."

"ओढ्यात पाणीच नव्हतं," कार्डं देणारा क्लाइव्ह म्हणाला. "आम्हाला वाटलं, नुसता चर आहे."

"ओहोटीला सगळे ओढे चरच दिसतात."

"चूक झाली आमची. एकही बार टाकलेला नाही बघा." त्याने बंदूक मधून उघडून रिकाम्या नळ्या दाखवल्या, मग मागे वळून धुक्याकडे पाहिलं. "एक विचारू? हे दाटत चाललंय. तुमच्या त्या बांधावरून बाहेर पडलो तर चालेल का? गाडी तिकडे पंपघराजवळ आहे. रस्त्याने चालत जाऊ आम्ही."

आयव्हरने न बघताच नकारार्थी मान हलवली. बांध त्याच्या पाठीशी होता. बांधापासून डांबरी रस्त्यापर्यंत जाणारी वाट ऑड्री पिकवर्थच्या अंगणातून जायची. खाजणात बदकं मारायचा हक्क क्लबचा होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण त्या हक्कापर्यंत पोचायला वाट ती एकच, आणि ती पिकवर्थबाईंची. नवरा गेल्यावर बाईंनी फाटक बसवलं. वकिलांची पत्रं गेली, आली. शेवटी बाईंनी वाट दिली ती एका अटीवर: फक्त क्लबचे सभासद. परका माणूस अंगणात दिसला, की त्या दिवसापासून कुलूप. ऑक्टोबरात कुणा परक्याच्या कुत्र्याने त्यांची मेंढी फाडली, तेव्हा आयव्हर स्वतः टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला होता. पुन्हा होणार नाही, असा शब्द देऊन आला होता. खाजणाचा राखणदार म्हणून क्लबने त्याला नेमलं ते त्यानंतरच.

"ती वाट सभासदांनाच आहे," तो म्हणाला.

लॉयड हसला. "ऐकलंस का क्लाइव्ह? साहेबांनी समुद्र नावावर करून घेतलाय. भरतीला पण परवाना दाखवावा लागत असेल."

आयव्हरचे कान तापले. सबंध आयुष्य त्याने चर उपसणाऱ्या ड्रेनेज बोर्डाचं खोदयंत्र चालवण्यात घालवलं होतं; साहेब त्याला कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तर ते असंच.

"भरतीला लागत नाही. माणसांना लागतो," तो म्हणाला. त्याने घड्याळ पाहिलं. उधाणाचे दिवस होते, पण ओढ्यात पाणी शिरायला अजून अवकाश होता. "आलात तसे परत जा. तो वाकडा खांब दिसतोय? तिथून डावीकडे वळा. ओढ्याच्या वळणावर उतार आहे, पायी पार करता येतो. खाली शिंपल्यांचा घट्ट तळ आहे. सरळ गेलात तर गुडघ्याच्या वर पाणी लागणार नाही."

"आणि धुकं?" क्लाइव्हने विचारलं.

"म्हणून तर सांगतोय, रेंगाळू नका."

क्लाइव्हने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. आणखी काही विचारावं असं त्याला वाटलं असावं. मग त्याने भावाच्या कोपराला हात लावला आणि दोघं वळले. खांबापर्यंत ते नीट दिसले. पुढे नुसतेच दोन करडे डाग राहिले. लॉयड काहीतरी बोलून हसला, ते ऐकू आलं. मग चिखलातून पाय उपसल्याचे आवाज, आणि नंतर तेही नाही.

आयव्हर तिथंच उभा राहिला. हाक मारायला त्याने तोंड उघडलंदेखील. पण बोलावून सांगायचं काय? गळ्याभोवतीचा मफलर त्याने घट्ट केला आणि बांधाच्या दिशेने चालू लागला.

घरी पोचेपर्यंत गावातलं चर्चसुद्धा धुक्यात दिसेनासं झालं होतं. थेल्माने सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे वाढले. आयव्हर बुटांसकट टेबलाशी बसला.

"बूट काढ की."

"काढतो."

काढले नाहीत. त्याने सॉसेजचा तुकडा तोंडात घातला आणि तो चावत असतानाच त्याला क्लाइव्हचा गुडघा आठवला. तो माणूस बोलताना सगळा भार डाव्या पायावर देऊन उभा होता. उजवा नुसता टेकवलेला. वळून जातानाही पाय थोडा ओढत होता. हे सगळं त्याने तेव्हाच पाहिलं होतं. पण तेव्हा तो कार्डांचा रंग बघत होता. आणि दुसऱ्याच्या पायात छातीपर्यंतचे रबरी बूट नव्हते. गुडघ्याएवढेच होते.

गुडघ्याच्या वर पाणी लागणार नाही, असं तो म्हणाला होता.

एव्हाना ते गाडीपाशी पोचले असतील. पोचलेच असतील. त्याने घड्याळाकडे पाहिलं, बटाटे काट्याने उगाच सपाट केले, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"खाजणात कोण आहे?" थेल्माने विचारलं.

"कुणी नाही. दोघं होते, गेले."

"गेले तर तू का असा बसलायस?"

त्याने ताट मागे सरकवलं. कोट अंगावर चढवताना त्याचा हात बाहीत दोनदा अडकला. थेल्माने बाही धरली, हात आत घालून दिला. इतक्या वर्षांत आयव्हरची वाट बघत तिने खिडकीत कितीतरी संध्याकाळी काढल्या होत्या. कुणाची वाट बघताना माणूस कसा दिसतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पंपघराजवळ गाडी उभी होती. टपावर, काचांवर दव साचलेलं. आयव्हरने बॉनेटवर तळहात ठेवला, थंडगार होता. बॅटरीचा झोत आत टाकला तर मागच्या सीटवर थर्मास आणि दोन कोरडे पेले, परतल्यावर चहा घ्यायला ठेवलेले.

तो धापा टाकत तिथल्या बांधावर चढला. समोर काहीच नव्हतं; बॅटरीचा उजेड हाताच्या अंतरावर पांढऱ्या भिंतीला टेकून थांबत होता.

"मिलवर्ड," त्याने हाक मारली. "ओ मिलवर्ड."

उधाणाचं पाणी गर्जत येत नाही. गवताच्या मुळांतून, खेकड्यांच्या बिळांतून ते बुडबुडत, कुजबुजत वर चढतं. तो आवाज आता सगळीकडून येत होता. ओढा भरत होता. आयव्हरने पुन्हा हाक मारली आणि श्वास रोखून ऐकलं. एखादा माणूस लांबवर ओरडत असावा असं त्याला वाटलं. मग कळलं, तो समुद्रपक्षी होता.

बोटं इतकी गारठली होती, की फोनवर आणीबाणीचा नंबर लागेना. दुसऱ्या खेपेला लागला. एका तरुण मुलीने शांतपणे विचारायला सुरुवात केली. जागा कुठली, माणसं किती, अंगावर काय.

"त्यांना शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी."

"कुठे चालले होते ते?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. परके लोक, धुकं, कोण कुठे जातंय कुणाला कळणार.

"मी त्यांना ओढ्याकडे पाठवलं," आयव्हर म्हणाला.

पलीकडे बटणं दाबण्याचा आवाज थांबला. "तुम्ही पाठवलंत?"

"हो. परत. आलात तसे जा म्हटलं."

"तुमचं नाव सांगा."

त्याने सांगितलं. एकेक अक्षर फोड करून सांगितलं. बचावनौका निघेल, तुम्ही स्वतः खाजणात उतरू नका, असं तिने दोनदा बजावलं. तो उतरणार नव्हता. पण त्या दोघांना उतार सापडला नसेल आणि ते मागे फिरले असतील, तर ते पिकवर्थबाईंच्या बांधाकडेच येणार होते. तिथे दिवा हवा होता, आवाज हवा होता. रस्त्याने मोठा वळसा घालून तो निघाला, आणि समोरचं काही दिसत नसताना कधी नव्हे ती गाडी पळवली.

फाटक सताड उघडं होतं. बांधावर, एरवी कधी नसायचा अशा जागी, ट्रॅक्टर उभा होता आणि त्याचे दिवे खाजणाकडे जळत होते. आयव्हर दारावर थाप मारणार, तोच दार उघडलं. ऑड्री पिकवर्थ दारात उभ्या होत्या. पांढऱ्या केसांवर लोकरी टोपी तशीच, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"पिकवर्थबाई, दोन माणसं—"

"आत आहेत. बूट बाहेर काढ."

स्वयंपाकघरात क्लाइव्ह शेगडीला टेकून बसला होता. अंगावर बाईंच्या मेलेल्या नवऱ्याची विजार, पायांशी वर दुमडलेली. लॉयड घोंगडीत गुंडाळलेला. दोन्ही हातांत धरलेला पेला त्याच्या दातांवर वाजत होता. कोपऱ्यात ओल्या कपड्यांचा ढीग पडला होता, चिखलाची रेघ थेट छातीपर्यंत आलेली. आयव्हरने खुर्चीची पाठ धरली. मग त्याला फोनची आठवण झाली. त्याने त्या मुलीला कळवलं, माणसं मिळाली, दोघंही. तिने त्याचे आभार मानले.

"हे सांगतायत, तूच यांना माझ्या वाटेनं पाठवलंस," पिकवर्थबाई म्हणाल्या.

आयव्हरने क्लाइव्हकडे पाहिलं. क्लाइव्हने नजर हलवली नाही.

"सांगितलं मी बाईंना," तो म्हणाला. "धुकं बघून तुम्हीच म्हणालात ना, की फार्मवरून जा. परवान्याचं नंतर बघू म्हणालात."

होकारार्थी मान हलवली असती तरी पुरे होतं. राखणदाराने अडचणीत सापडलेल्या माणसांना वाट दाखवली, तर त्यात अट मोडण्यासारखं काही नव्हतं. फाटक उघडं राहिलं असतं. क्लबने पाठ थोपटली असती. पिकवर्थबाई कोरडी ठणठणीत बशी पुसत उभ्या होत्या.

"नाही," आयव्हर म्हणाला. "यांनी विचारलं होतं. मीच नको म्हटलं. परत ओढ्याकडे पाठवलं." त्याने मफलर सैल केला. "वेळ होता पण. आणि उताराला तळ घट्ट आहे. सरळ गेले असते तर—"

"सरळच गेलो," लॉयड म्हणाला.

आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता. आवाजात दुपारचं हसू औषधालाही नव्हतं.

"खांबापासून डावीकडे?"

"डावीकडे. वळणावर."

"मग धुक्यात वळण चुकलं असेल तुमचं."

लॉयडने भावाकडे पाहिलं आणि पुन्हा पेल्यात तोंड घातलं.

पिकवर्थबाईंनी बशी फळीवर ठेवली. "मला ठाऊक आहे तू काय म्हणालास ते. मेंढ्या आत घेत होते मी, बांधावर. धुक्यात आवाज लांब येतो. शब्दन् शब्द ऐकला."

त्यांनी फडकं दांडीवर वाळत टाकलं.

"मला वाटलं, हाक मारशील तू त्यांना. मी थांबले होते. मग तुझ्या गाडीचं दार लागल्याचं ऐकलं. तेव्हा ट्रॅक्टर वर चढवला आणि भोंगा वाजवत बसले. त्या आवाजावर आले हे."

"वाटेचं काय ते..." आयव्हरने सुरुवात केली.

"ते आज नको."

त्याने दोघांना आपल्या गाडीतून पंपघरापर्यंत सोडलं. लॉयड मागे डोळे मिटून बसला होता. त्याची बंदूक ओढ्यात राहिली होती. क्लाइव्ह त्याला उपसून काढत असताना हातातून सुटली होती. सकाळी पोलिसांना कळवावं लागेल, असं क्लाइव्ह म्हणाला.

"उद्या ओहोटीला बघतो मी," आयव्हर म्हणाला. थोडं अंतर गेल्यावर त्याने विचारलं, "बाईंना तसं का सांगितलंत तुम्ही?"

क्लाइव्ह गुडघा चोळत होता. "आमचाही क्लब आहे," तो म्हणाला. "आमच्याकडेही असंच एक फाटक आहे, दुसऱ्याच्या मर्जीवरचं."

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. ओहोटी खाली जाईपर्यंत दुपार झाली. आयव्हर लांब काठी आणि दोर घेऊन निघाला. रात्रीचं पाणी खाजणावरून फिरून गेलं होतं, तरी पावलांचे खळगे पुसले गेले नव्हते. त्यांत पाणी साचून ते चकाकत होते. एक ठसा खोल, शेजारचा ओढलेला. खांबापासून ते डावीकडे वळले होते आणि पुढे दोरी धरून आखल्यासारखे सरळ गेले होते.

तो त्यांच्या मागोमाग वळणावर आला. इथे तो पोरवयापासून उतरत आला होता. डिसेंबरातल्या वादळानंतर मात्र इकडे यायचं काही कारण पडलं नव्हतं. काठ थोडा ढासळला होता, इतकंच. तो खाली उतरला आणि काठी दाबली. शिंपल्यांवर टोक आपटल्याची खूण हाताला कळणार, म्हणून त्याने मूठ सैल धरली होती. काठी आत गेली. आणखी आत गेली. त्याची मूठ चिखलाला टेकली तरी खाली काही लागलं नाही.

त्याने ती उपसून डावीकडे टोचली. उजवीकडे टोचली. वळण तेच होतं. शिंपल्यांचा थर वादळाने कधीच वाहून नेला होता आणि त्याच्या जागी हा गाळ आणून भरला होता, वरून गुळगुळीत, सायीसारखा.

बंदुकीचा दस्ता जरा पुढे वर आलेला दिसत होता. त्याच्यापर्यंत पोचायला आयव्हरने एक पाऊल टाकलं आणि पाय मांडीपर्यंत गेला. दुसरा पाय सावरायला गेला तसा तोही गेला. गाळाने चहूबाजूंनी पकडलं, घट्ट. आत पायांना टेकायला काही नव्हतं. पाणी यायला बराच अवधी होता, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने मान वळवून समुद्राकडे पाहिलं. काल त्या दोघांकडे हा अवधीही नव्हता. गुडघा दुखणारा माणूस भावाला इथून ओढत होता, अंधारात, कमरेला पाणी लागलेलं असताना.

तो हळूहळू पालथा झाला. काठी आडवी छातीखाली घेतली, आधी एक पाय, मग दुसरा, बोटाबोटाने सोडवला. दस्ता हाताला लागला तो त्याने धरून ठेवला आणि कोपरांवर सरपटत काठावर आला. कितीतरी वेळ तो तिथे नुसता पडून होता. रानहंसांचा थवा अगदी खालून, बंदुकीच्या टप्प्यातून त्याच्यावरून गेला. त्याने मान वर केली नाही.

उठल्यावर तो आपल्या गाडीकडे जायला निघाला. आणखी दोन-चार भरत्यांत ते ठसे, काठीची भोकं, सगळं सारखं झालं असतं. धुक्यात वळण चुकलं, असं काल तो म्हणालाच होता आणि कुणी त्याला खोडून काढलं नव्हतं. बांधावर पोचल्यावर तो थांबला, आणि मग गाडी सोडून अंगणाकडे उतरला.

पिकवर्थबाई मेंढ्यांना चारा टाकत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या पडलेल्या आयव्हरकडे त्यांनी पाहिलं, मग त्याच्या हातातल्या बंदुकीकडे.

"मिळाली?"

"मिळाली."

तो जाईना, तशी त्यांनी बादली खाली ठेवली.

"काल मी म्हटलं, तिथं तळ घट्ट आहे," आयव्हर म्हणाला.

"म्हणालास."

"नाही तो. काहीच नाही तिथं. ते सरळच गेले होते." त्याने खाजणाकडे हात केला. "मी सांगितलं तिथंच गेले होते, बाई."

पिकवर्थबाईंनी खाजणाकडे पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं; ऊन होतं आणि ओले चर चमकत होते. मग त्या गोठ्याच्या भिंतीपाशी गेल्या, नळ उघडला आणि पाइप ओढत घेऊन आल्या.

"रविवारी वाटेचं बोलायला तुमच्या सेक्रेटरीला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि त्या पलीकडच्या क्लबच्या माणसालाही. त्या पाय दुखणाऱ्याला." त्यांनी पाइपच्या तोंडावर अंगठा धरला. "पाठ कर इकडे. गार आहे हं पाणी."

आयव्हरने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली आणि पाठ केली.